काही नाही, टेन्शन आहे!

सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गटात एक मावशी आहेत. वय पन्नाशीच्या पुढे, नेमकं किती ते त्यांनाही ठाऊक नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मालकांनी शेतात फवारणीचं औषध घेतलं. तेरावं व्हायच्या आतच एका पहाटे मावशींच्या छातीत कळ आली. दम कोंडला, घामाने लुगडं भिजलं. मुलाने जवळच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे गॅसचं इंजेक्शन मिळालं आणि एक वाक्य मिळालं : "काही नाही, टेन्शन आहे."

चार दिवसांनी पाय सुजले, आडवं पडलं की श्वास पुरेना, तेव्हा त्यांना नांदेडला नेलं. तिथे ईसीजी बिघडलेला निघाला. रक्तातलं ट्रोपोनिन वाढलेलं निघालं, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झालेली होती. इकोमध्ये हृदयाचं टोक हलतच नव्हतं. ताबडतोब अँजिओग्राफी करा म्हणाले. मुलाने शेळ्या विकल्या. अँजिओग्राफीत नळ्या स्वच्छ! मग सुट्टी देताना मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, "ब्लॉकेज नाही. काही नाही. बायकांना टेन्शनने होतं असं." गावातल्या डॉक्टरने तोंडी सांगितलं तेच इथे सही-शिक्क्यानिशी मिळालं, फरक एवढाच की आता घरात शेळ्या नव्हत्या.

मावशींनी मला विचारलं, "ताई, काहीच नव्हतं तर मी मरायला काहून टेकले होते?"

मैत्रिणींनो, हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. मी डॉक्टर नाही. पण ही फाईल घेऊन मी ज्यांना ज्यांना भेटले त्यांच्याकडून आणि नंतर मिळेल ते वाचून मला जे कळलं, त्याने माझी झोप उडाली. मावशींना जे झालं त्याला बहुधा नाव आहे. ते डोळ्यांनी पाहता येईल अशी यंत्रं जगात आहेत. त्या यंत्रांना लागणारा किरणोत्सारी माल आपल्याच राज्यात, आपल्याच पैशाने चालणाऱ्या सरकारी खात्यात तयार होतो. आणि तरीही आमच्या जिल्ह्यातल्या बाईला उत्तर मिळतं ते 'काही नाही'.

१९९० साली जपानी डॉक्टरांनी एका आजाराचं वर्णन केलं. मोठा मानसिक किंवा शारीरिक धक्का बसल्यावर माणूस छातीत कळ घेऊन येतो, ईसीजी हार्ट अटॅकसारखा दिसतो, हृदयाचं टोक फुग्यासारखं फुगून निकामी होतं, पण नळ्या मात्र मोकळ्या असतात. फुगलेल्या हृदयाचा आकार जपानी कोळ्यांच्या ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून त्या मडक्याचं नाव दिलं, ताकोत्सुबो. या रुग्णांमध्ये दहातल्या जवळपास नऊ बायका, आणि त्यातल्या बहुतेक पाळी गेलेल्या. बहुतेकींचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं. पण दवाखान्यात असताना यातही जीव जाऊ शकतो. इंग्रजी वर्तमानपत्रांनी याला 'तुटलेल्या हृदयाचा आजार' असं गुलाबी नाव देऊन टाकलं. विष प्यायलेल्या नवऱ्याला बैलगाडीत घालून पळणाऱ्या बाईच्या नशिबात असलं गुलाबी काही नसतं, तेव्हा ते नाव मी इथे पुन्हा वापरणार नाही.

आता 'टेन्शन'चं बघू. टेन्शन हृदयापर्यंत पोचतं कसं? हवेतून पोचत नाही. हृदयाला नसा येतात. त्या नसांच्या टोकांतून नॉरॲड्रेनालिन नावाचं रसायन सुटतं. हृदयाच्या पेशींवर ते झेलणारी ठिकाणं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात, मराठी पुस्तकांत 'ग्राही'. निरोप ग्राहीवर येऊन बसला की हृदय जोरात आणि भरभर चालतं. घाबरल्यावर धडधडतं ते याच वाटेने. धोक्याच्या वेळी हे हवंच. पण निरोपांचा मारा दिवसरात्र, महिनोन् महिने चालू राहिला तर पेशी आपले ग्राही आत ओढून घेतात, त्यांची संख्या घटते. ज्या घरात रोजच आरडाओरडा असतो तिथली सून जशी ऐकून न ऐकल्यासारखी होते, तसंच. पंप कमजोर झालेल्या हृदयात बीटा जातीचे ग्राही कमी झालेले असतात हे १९८२ मध्ये अमेरिकेत मायकेल ब्रिस्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. त्यासाठी त्यांना प्रत्यक्ष हृदयाचा तुकडाच हातात घ्यावा लागला होता, हृदय बदलण्याच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या हृदयांचा.

जिवंत माणसाच्या छातीला हात न लावता हे बघायचं तर वाट आहे ती किरणोत्सारी खुणेची. जॉर्ज द हेवेसी नावाच्या हंगेरियन शास्त्रज्ञाने ही कल्पना काढली, तिच्यासाठी त्याला नोबेल मिळालं. त्याची एक गोष्ट सांगतात. तो १९११ च्या सुमारास मँचेस्टरला एका घरमालकिणीकडे जेवायचा. त्याला संशय, की ही बाई ताटातलं उरलेलं अन्न दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढते. बाई नाही म्हणायची. तेव्हा त्याने उरलेल्या अन्नात चिमूटभर किरणोत्सारी पदार्थ मिसळला आणि पुढच्या जेवणावर यंत्र धरलं. चोरी पकडली गेली. म्हणजे या सगळ्या थोर विज्ञानाची पहिली गोष्टच एका बाईला शिळं वाढताना पकडण्याची! आमच्याकडे शिळं कुणाच्या ताटात जातं हे शोधायला यंत्र लागत नाही, ते सगळ्या घराला माहीत असतं. असो.

खुणेची युक्ती अशी. शरीर ज्याला आपलं समजेल असा पदार्थ घ्यायचा, त्याला किरण सोडणारा अणू जोडायचा आणि अगदी नगण्य मात्रेत शिरेतून द्यायचा. तो शरीरात ठरल्या जागी जाऊन बसतो आणि तिथून खूण करतो. बाहेर गॅमा कॅमेरा असतो, तो रुग्णाभोवती फिरून ते किरण मोजतो. (औंढ्याचं नागनाथाचं देऊळ नामदेवासाठी फिरलं म्हणतात. हा कॅमेरा रोज कुणाकुणासाठी फिरतो, आमच्याकडे मात्र त्याने अजून पाठच केली आहे.) एमआयबीजी नावाचा एक पदार्थ नॉरॲड्रेनालिनसारखाच दिसतो. हृदयातल्या नसांची टोकं त्याला आपलाच समजून गिळतात. त्याला आयोडिन-१२३ जोडलं, पंधरा मिनिटांनी एक आणि चार तासांनी एक असे फोटो काढले की हृदयाच्या कुठल्या भागातल्या नसा धड आहेत आणि कुठल्या भागातल्या बिघडल्या आहेत ते दिसतं. प्रत्यक्ष ग्राही मोजायला आणखी बारीक हत्यार लागतं. १९८० च्या दशकात फ्रान्समध्ये ओर्से इथल्या संशोधकांनी कार्बन-११ जोडलेला सीजीपी-१२१७७ हा पदार्थ वापरून पेट कॅमेऱ्याने जिवंत हृदयातले बीटा ग्राही मोजायला सुरुवात केली.

ताकोत्सुबो झालेल्या बायकांचे एमआयबीजी फोटो जपानमध्ये आणि इतरत्र काढले गेले. त्यात काय दिसलं? हृदयाच्या ज्या टोकाने हलायचं थांबवलं होतं तिथे रक्त बऱ्यापैकी पोचत होतं, पण खूण मात्र नीट बसत नव्हती. म्हणजे नसांच्या टोकांचं कामच तिथे विस्कटलेलं होतं. दुःखाने हृदयाच्या मांसात काय केलं त्याचा हा फोटो आहे. 'टेन्शन आहे' म्हणणारे डॉक्टर चुकीचं सांगत होते असं माझं म्हणणं नाहीच. टेन्शनच होतं! भांडण आहे ते त्याच्या आधीच्या दोन शब्दांशी. 'काही नाही' आणि 'टेन्शन आहे' ही दोन्ही एका दमात कशी काय खरी असतील?

पण थांबा. ही यंत्रं आली म्हणजे बायकांचं भलं झालं, असं मला म्हणायचंय असं समजू नका. यंत्रं आली तीसुद्धा पुरुषाच्या छातीवर बेतून.

या एमआयबीजीची हृदयासाठी झालेली मोठी चाचणी म्हणजे ॲडमायर-एचएफ. पंप कमजोर झालेले ९६१ रुग्ण, निष्कर्ष २०१० साली आले, त्याच्या जोरावर २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हृदयाच्या तपासणीसाठी त्याला परवानगी दिली. हृदयात किती खूण बसली याचं शेजारच्या भागाशी प्रमाण काढायचं, ते १.६ पेक्षा कमी असेल तर धोका जास्त, असा आकडा त्यातून आला. त्या रुग्णांत सुमारे ८० टक्के पुरुष होते. दर पाचांत एक बाई. १.६ हा आकडा म्हणून कुणाच्या छातीतून आला ते तुम्हीच ठरवा.

ही खोड जुनी आहे. ॲस्पिरिनने हार्ट अटॅक टळतो का हे पाहायला अमेरिकेत १९८० च्या दशकात २२,०७१ डॉक्टरांवर अभ्यास झाला. बावीस हजारांत बाई एकही नाही. १९७७ पासून तिथल्या औषध प्रशासनाचा दंडकच होता, की मूल होऊ शकेल अशा बाईला नव्या औषधाच्या सुरुवातीच्या चाचण्यांत घ्यायचं नाही. तो १९९३ मध्ये उठला. १९९१ साली बर्नाडिन हीली या हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी, त्याच वर्षी त्या अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या महिला संचालक झाल्या, एक खणखणीत लेख लिहिला. एका ज्यू कथेतल्या मुलीला धर्मग्रंथ शिकण्यासाठी मुलाचा वेश घ्यावा लागतो. हीलीबाई म्हणाल्या, हृदयरोगाच्या बाईचं तसंच आहे : आपला आजार हुबेहूब पुरुषासारखा आहे असं तिने सिद्ध केलं तरच तिला पुरुषासारखे उपचार मिळतात.

मावशींचं नेमकं हेच झालं. पुरुषासारखी नळी तुंबली असती तर त्या 'हार्टच्या पेशंट' झाल्या असत्या. नळी तुंबली नाही म्हणून 'बायकांचं टेन्शन' झाल्या.

अँजिओग्राफीत मोठ्या नळ्या दिसतात. हृदयाच्या मांसात शिरणाऱ्या केसासारख्या बारीक नळ्या दिसत नाहीत. छातीत दुखणाऱ्या अनेक बायकांचा बिघाड त्या बारीक नळ्यांत असतो, हे १९९६ मध्ये अमेरिकेत खास बायकांवर सुरू झालेल्या अभ्यासातून पुढे आलं. पेट कॅमेऱ्याने हृदयाच्या दर ग्रॅम मांसाला मिनिटाला किती रक्त मिळतं ते मोजता येतं, त्यात हा बिघाड पकडता येतो. पण आपल्याकडे जास्त चालतो तो साधा स्कॅन, थॅलियमचा किंवा टेक्नेशियमचा. त्यात बाईच्या स्तनांमुळे किरण अडतात आणि हृदयाच्या समोरच्या भिंतीवर खोटी सावली पडते. ती खरा डाग समजून बाईला नसता आजार चिकटतो. उलट बाईचं हृदय आकाराने लहान, त्यात खरा डाग हुकतो तो वेगळाच. उपाय आहेत, त्यासाठी दुरुस्ती करता येते, पालथं झोपवून फोटो घेता येतो. पण त्यासाठी फोटो काढणाऱ्याच्या डोक्यात समोर बाई आहे हे असावं लागतं.

आणि बाईला संशोधनातून वगळायचं कारण काय दिलं जातं? गर्भ. तिच्या पोटात मूल असेल तर? काळजी योग्यच आहे, किरणोत्सारी औषध गरोदर बाईला सहज टोचू नये हे मलाही कळतं. पण पन्नाशी उलटलेल्या, पाळी गेलेल्या बाईच्या पोटात कुठला गर्भ राहणार आहे? तिला तर हा आजार जास्त. तिला कुणी अडवलं?

या गर्भाशयाची गंमत बघा. २०१९ साली बीड जिल्ह्यात सरकारी सर्वेक्षण झालं. ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. आमच्या जिल्ह्यातल्या तांड्यांवरूनही कोयते ऊसतोडीला जातात, तेव्हा हे आम्हाला नवीन नव्हतं. तिशी-पस्तिशीत पिशवी गेली आणि तिच्याबरोबर बीजकोशही गेले, की बाईचं इस्ट्रोजेन एका रात्रीत तुटतं. हृदयरोगाचा धोका वाढतो. म्हणजे पिशवी आहे तोवर संशोधनात नको, आणि फडावर खाडा नको म्हणून पिशवीच नको! मधल्या मधे हृदय कुणाचंच नाही. 'हिस्टेरिया' हा शब्दसुद्धा गर्भाशयाच्या ग्रीक शब्दावरूनच आलेला आहे.

आता जरा आपल्यावर येते, कारण दोष फक्त डॉक्टरांवर ढकलून आपल्याला सुटता येणार नाही. आपण स्त्री-आरोग्याची शिबिरं घेतो. गेल्या दहा वर्षांत मी किती घेतली असतील याची मोजदाद नाही. त्यात काय असतं? पाळी, अंगावरून जाणं, बाळंतपण, रक्तातलं हिमोग्लोबिन, पिशवीचा कॅन्सर. भिंतीवर लावतो त्या चित्रात बाई कमरेपासून खाली असते. आमच्या केस-पेपरवर बाळंतपणं किती झाली याला तीन रकाने आहेत, छातीत दुखतं का याला एकही नाही. तो कागद मीच तयार केला होता, एम.एस.डब्ल्यू. झाल्या झाल्या मोठ्या उत्साहाने! जगात मरणाऱ्या बायकांपैकी सुमारे एक तृतीयांश हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी मरतात. आणि आम्ही, बाई म्हणजे गर्भाशय नव्हे अशा घोषणा देणाऱ्या, तिला कमरेखालीच तपासत बसलो.

हे वेगळं करता येतं. डॉ. एस. पद्मावती, भारतातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ, २०२० मध्ये १०३ व्या वर्षी गेल्या. त्यांनी १९५० च्या दशकात दिल्लीत फुफ्फुसांमुळे खराब होणाऱ्या हृदयाचा अभ्यास केला. इतर देशांत हा पुरुषांचा, विडी-सिगारेटवाल्यांचा आजार. दिल्लीत मात्र बायकांनाही तो तितकाच सापडला. बायका तर धूम्रपान करत नव्हत्या. मग पद्मावतीबाईंनी चुलीकडे बोट दाखवलं. त्यासाठी किरणोत्सारी काही लागलं नाही, बाई दिवसभर कुठे बसते हे बघायला लागलं. वसमतकडे हळदीच्या दिवसांत शिजवणीच्या भट्टीपाशी धुरात बसलेल्या बायका पाहिल्या की मला त्यांची आठवण येते.

काही साथी म्हणतील, "ताई, इथे आरोग्य केंद्रात डॉक्टर हजर नसतो आणि तुम्ही पेट स्कॅनच्या गोष्टी करता?" काही जणी त्याहून पुढे जातील : यंत्र आणून काय होतं ते आपण पाहिलंय. बरोबर आहे. सोनोग्राफी खेड्यापाड्यांत पोचली ती कशासाठी, ते आपल्याइतकं कुणाला माहीत आहे? मुलगी आहे का बघायला यंत्राला सगळे रस्ते सापडले, डांबरी नसलेलेसुद्धा. त्याविरुद्ध बायकांनी रस्त्यावर येऊन लढा दिला तेव्हा १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. म्हणूनच मी म्हणते, यंत्र आपोआप बाईच्या बाजूचं नसतं आणि आपोआप विरोधातही नसतं. बाईच्या पोटावर धरायचं यंत्र पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच तालुक्याला पोचलं आणि तिच्या छातीवर धरायचं पोचलं नाही, ही पदार्थविज्ञानाची अडचण नव्हती.

काही अडचण पदार्थविज्ञानाचीही आहे, ती लपवून मी मागणी करणार नाही. कार्बन-११ वीस मिनिटांत निम्मा होतो. तो सायक्लोट्रॉनच्या शेजारीच वापरावा लागतो, मुंबईहून निघालेला हिंगोलीला पोचणं शक्य नाही. फ्लोरिन-१८ एकशे दहा मिनिटांत निम्मा होतो. आयोडिन-१२३ तेरा तासांत. तेव्हा प्रत्येक जिल्ह्यात ग्राही मोजणारा पेट कॅमेरा द्या असं म्हणणं पोकळ आहे. पण टेक्नेशियमची गोष्ट निराळी. त्याचा जनक असतो मॉलिब्डेनम, तो सहासष्ट तासांत निम्मा होतो. मॉलिब्डेनम भरलेली डबी ट्रकने येते, तिच्यातून रोज टेक्नेशियम काढून घेतात, आठवड्याने नवी डबी. या डबीला त्या धंद्यातले लोक 'गाय' म्हणतात आणि काढण्याला 'दोहणं'. एवढी गाय मराठवाड्यातल्या सरकारी दवाखान्यांत बांधता येत नाही? हिंगोलीला २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय. ते नव्याने उभं राहतंय तोवरच हे मागायचं, इमारती पुऱ्या झाल्यावर जागा नाही म्हणतील.

आणि माल कुणाचा? ट्रॉम्बेला १९५६ मध्ये अप्सरा अणुभट्टी सुरू झाली, आशियातली पहिली. १९६३ मध्ये अणुऊर्जा खात्याने परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर काढलं. देशातला वैद्यकीय कामाचा पहिला सायक्लोट्रॉन २००२ साली तिथेच आला. किरणोत्सारी औषधं पुरवणारी 'ब्रिट' ही त्याच खात्याची संस्था, ती नवी मुंबईत वाशीला आहे. हे सगळं आपल्या राज्यातलं आहे.

हेच अणुऊर्जा खातं आज आमच्या दारात आलंय. औंढा तालुक्यात दुधाळ्याला लायगो-इंडिया उभं राहतंय. २०१६ मध्ये तत्त्वतः मंजुरी, २०२३ मध्ये केंद्राने सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले आणि पायाभरणी झाली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली त्याचा अणूच्या गाभ्याहूनही बारीक थरथराट त्यात टिपायचा. जागा इथली निवडली, कारण इथली जमीन शांत आहे. मला त्याचा अभिमान आहे, मी खरंच सांगते. माझ्या गटातल्या मुलींनी तिथे शास्त्रज्ञ म्हणून जावं असं मला वाटतं. पण त्या प्रकल्पापासून तासाभरावरच्या गावातल्या बाईचं हृदय बंद पडता पडता राहिलं आणि त्याची नोंद 'काही नाही' अशी झाली, तेव्हा इथे शांतता नेमकी कशाची आहे हे विचारायला नको?

आमच्या मागण्या साध्या आहेत. छातीत दुखतं, दम लागतो, जबडा-पाठ-डावा हात भरून येतो असं सांगणाऱ्या प्रत्येक बाईचा ईसीजी तिथल्या तिथे, दहा मिनिटांत निघाला पाहिजे, आधी गॅसचं इंजेक्शन नाही. ग्रामीण रुग्णालयात ट्रोपोनिनची पट्टी असली पाहिजे. नळ्या मोकळ्या निघाल्या म्हणून फाईल बंद करायची नाही, कागदावर कारण लिहायचं, कारण कळलं नसेल तर 'कारण कळलं नाही' असं लिहायचं. 'काही नाही' हे निदान नव्हे. ज्या बाईला पुढच्या तपासणीची गरज आहे तिला ती सरकारी खर्चाने मिळाली पाहिजे, आणि सोबत येणाऱ्याचं भाडं धरूनच. आणि सरकारी पैशाने हृदयावर जे संशोधन चालतं त्यात बायका किती घेतल्या ते जाहीर झालं पाहिजे. पाळी गेलेल्या, पिशवी काढलेल्या, शेतात राबणाऱ्या.

एक भीती मला स्वतःला आहे, ती सांगून टाकते. उद्या हे फोटो मिळू लागले, तर फोटोत दिसलं तरच बाईचं दुखणं खरं, असा नवा नियम होईल का? मारहाणीच्या केसमध्ये वळ दाखव म्हणतात तसं? होऊ शकतं. म्हणून फोटो मागताना तिचं तोंडी सांगणं आधी लिहून घ्या, तिच्या शब्दांत, हे आपल्यालाच रेटावं लागणार आहे. मावशींच्या फाईलमध्ये चौदा कागद आहेत. नवरा कधी गेला, कसा गेला, हे त्यातल्या एकाही कागदावर नाही. कुणी विचारलंच नव्हतं.

मावशी आता बऱ्या आहेत. चढ चढताना दम लागतो. गोळ्या संपल्या की महिनाभर तशाच राहतात, मग कुणीतरी नांदेडला जाणारा सापडतो. मागच्या बैठकीत मी त्यांना हे सगळं, ग्राही, खूण, जपानी मडकं, जमेल तसं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे मला खरंच झालं होतं." आणि शेजारणीला ढोसून म्हणाल्या, "तुझं बी कागद दाखव ताईला." त्या शेजारणीकडेही पिशवीभर कागद निघाले.

तेव्हा पुढच्या तालुका बैठकीला येताना आपापल्या गावातल्या अशा बायकांचे कागद घेऊन या. 'नॉर्मल' लिहिलेले आधी आणा. ईसीजीचा कागद उन्हाने आणि वेळेने फिका पडतो, वर्षा-दोन वर्षांत कोरा होऊन बसतो, म्हणून त्याची झेरॉक्स काढूनच आणा आणि मूळ कागद बाईकडेच राहू द्या. मागच्या बाजूला तिच्या शब्दांत लिहा, कधी दुखलं, त्याआधी घरात काय घडलं होतं, आणि डॉक्टर काय म्हणाले.